महिन्याचे आठ तास

हवाई बेटांमधलं निइहाउ हे जेमतेम 180 चौरस किलोमीटरचं बेट. 1864 मध्ये हवाईच्या राजाने ते बाहेरून आलेल्या एका कुटुंबाला 10,000 डॉलरला विकलं. आजही ते त्याच कुटुंबाच्या वंशजांच्या मालकीचं आहे आणि बाहेरच्या माणसाला तिथे सहजी पाऊल टाकता येत नाही. वस्ती अगदी थोडी. पण बाकीच्या बेटांवर घराघरात इंग्रजी शिरली, तेव्हाही या बेटावरची पोरं हवाइयनमध्येच भांडत होती, हवाइयनमध्येच हट्ट करत होती.

बाकीच्या बेटांवर काय झालं होतं? 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं आणि तीनच वर्षांत, 1896 मध्ये, शाळेत फक्त इंग्रजीतून शिकवायचं असा कायदा आला. एकोणिसाव्या शतकात ज्या भाषेत शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली, ती भाषा शाळेच्या फाटकाबाहेर गेली. आजीआजोबांना ती येत होती, आईबापांना तुटक कळत होती, नातवंडांपर्यंत पोचलीच नाही. 1983 च्या सुमारास अठरा वर्षांखालची हवाइयन बोलणारी मुलं पन्नासही नसतील, असा अंदाज होता. विशेष म्हणजे 1978 मध्येच राज्यघटनेने हवाइयनला इंग्रजीच्या जोडीने राजभाषेचा मान दिला होता. भाषा राजभाषा झाली, पण तिच्यातून शाळेत शिकवायला बंदी कायमच!

अशा वेळी भाषा वाचवायची तर सुरुवात कुठून करायची? लॅरी किमुरा, विल्यम विल्सन, कउआनोए कामाना, स्वतः निइहाउच्या असलेल्या इलेई बेनिआमिना आणि त्यांच्या काही सोबत्यांनी 1983 मध्ये ठरवलं, की सुरुवात बालवाडीतून करायची. न्यूझीलंडच्या माओरींनी आदल्याच वर्षी, 1982 मध्ये, वेलिंग्टनजवळ असा प्रयोग सुरू केला होता. आजीआजोबांनी तिथे चिमुरड्यांना दिवसभर माओरीतच सांभाळायचं, बस्स. त्याच धर्तीवर इथे ‘पूनाना लेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, उभं राहिलं. पहिलं 1984 मध्ये काउआई बेटावरच्या केकाहा गावात, जिथे निइहाउहून आलेली कुटुंबं स्थिरावली होती. पुढच्याच वर्षी हिलो आणि होनोलुलुतही दारं उघडली.

आणि लगेच अडचण उभी राहिली. बालवाडीच्या बाईंनी महाविद्यालयात बालशिक्षणाचे ठरावीक विषय शिकलेले असावेत, हा सरकारी नियम. मुलांना अस्खलित हवाइयन देऊ शकतील अशा आजींकडे मात्र कागद नव्हता. नियमाच्या हिशेबी त्या अपात्र! मला तर वाटतं, बालशिक्षणाच्या ‘दर्जा’बद्दल इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणासमोर आला असेल. वर्गात सगळ्यात मोलाचं जे होतं, तेच मोजायला नियमाकडे माप नव्हतं. पालकांनी विधिमंडळात हेलपाटे घातले, एकदा नकार आला तर पुन्हा गेले आणि 1986 मध्ये कायदा बदलून घेतला. शाळेत हवाइयनमधून शिकवण्यावरची नव्वद वर्षांची बंदीही उठली, ती बालवाडीतल्या मुलांच्या आईबापांच्या चिकाटीने.

आता पैशांचं. सुरुवातीला सरकारी मदत नव्हती. फी होती, पण तिच्याबरोबर आणखी एक अट होती: प्रत्येक कुटुंबाने महिन्याला आठ तास बालवाडीसाठी द्यायचे. झाडलोट करा, कुंपण दुरुस्त करा, पैसे उभे करायला गाण्याचे कार्यक्रम ठेवा. शिवाय आईबापांनी स्वतः हवाइयनच्या वर्गाला बसायचं. मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते या शेवटच्या अटीचं. दिवसभर हवाइयन बोलून आलेल्या पोराला घरी कुणी इंग्रजीतच उत्तर दिलं, तर वर्गातली मेहनत संध्याकाळपर्यंत विरून जाणार. म्हणून आईबापही शिकतात, बऱ्याचदा लेकराच्या एखाद-दोन पावलं मागून.

वर्गातली सकाळ दाराबाहेर सुरू होते. मुलं ओळीने उभी राहतात आणि आत येऊ का, असं पारंपरिक मंत्रासारख्या गाण्यातून विचारतात. आतून शिक्षिका तशाच सुरात ‘या’ म्हणते, मगच पाऊल आत. नव्या मुलाने इंग्रजीत पाणी मागितलं तर त्याला कुणी रागावत नाही. हवाइयनमध्ये उत्तर येतं, पेला पुढे येतो, आणि पाणी म्हणजे ‘वाइ’ हे कुणी न शिकवताच कळतं. असं करत करत काही महिन्यांत मूल सगळं समजू लागतं. तीन-चार वर्षांच्या मेंदूची ही किमया जगातल्या प्रत्येक घरात घडते, एरवी आपलं तिच्याकडे लक्षच जात नाही.

पण बालवाडी संपली की पुढे काय? हिलोतल्या काही पालकांनी मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं नाकारलं आणि आपला वर्ग आपणच चालवला. 1987 मध्ये सरकारी शाळांत पहिले हवाइयन माध्यमाचे वर्ग निघाले, तेव्हा पुस्तकंच नव्हती. मग इंग्रजी चित्रांची पुस्तकं आणायची, मजकुराचं भाषांतर करायचं, ते टंकून त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक पानावर इंग्रजी ओळींच्या बरोब्बर वर चिकटवायच्या. चित्र तेच, भाषा मात्र आपली. वाचनालयं अशी पट्टीपट्टीने उभी राहिली, घरच्या टेबलांवर, पालकांच्या हातांनी.

1999 मध्ये त्या मुलांची पहिली तुकडी हवाइयन माध्यमातूनच बारावी पास झाली. 2016 च्या सरकारी अहवालानुसार राज्यात 18,000 हून अधिक लोक घरी हवाइयन बोलतात. त्यांतले सगळेच सफाईने बोलतात असं नाही. पण घरट्यांतून बाहेर पडलेली काही मुलं आता तिथेच शिक्षक आहेत, आणि काहींची स्वतःची मुलं बालवाडीत दाखल होतात तीच मुळी हवाइयन बोलत.