ताप अंगात, भ्रम मेंदूत

वृद्ध माणसाला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो आणि तो एकाएकी असंबद्ध बोलू लागतो. वय झाले, असे म्हणून घरचे सोडून देतात. वास्तविक जंतू बहुधा मेंदूपर्यंत गेलेले नसतात. त्यांची वार्ता मात्र पोहोचलेली असते.

रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-१, टीएनएफ अशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. मेंदूभोवतीचा अडसर ती सहजी ओलांडत नाहीत. परंतु तेथील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना त्यांचा स्पर्श होताच प्रोस्टाग्लँडिन तयार होते व ताप चढतो. व्हेगस ही मज्जारज्जूला वळसा घालून जाणारी चेताही तोच निरोप वर नेते. मग मायक्रोग्लिया, म्हणजे स्पेनच्या पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये वर्णिलेल्या मेंदूतील रक्षकपेशी, स्वतःच सायटोकाइन निर्माण करू लागतात. निरोगी मेंदूत हा दाह लवकर शमतो. वार्धक्यात या पेशी आधीच उत्तेजित असतात आणि किरकोळ निमित्तानेही दाह भडकतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

ही प्रथिने सरसकट रोखणे मात्र धोक्याचे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारे लेनरसेप्ट देऊन पाहिले गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा आजार उलट अधिक वेळा उफाळला. त्यामुळे वृद्धांच्या अशा भ्रमावर मूळ संसर्ग शोधून तो बरा करणे, हाच आजही मुख्य उपचार आहे.