माळीवाडा (अहिल्यानगर)

माळीवाडा ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत, दक्षिण बाजूस वसलेली ऐतिहासिक वस्ती आहे. शहराचे ग्रामदैवत श्री विशाल गणपती, माळीवाडा वेस आणि जवळचे जुने बसस्थानक यांमुळे ती जिल्ह्यात सर्वपरिचित आहे.

नाव आणि पाणी

वस्तीच्या नावातच तिचा व्यवसाय आहे. अहमद निजामशहाने 1490 मध्ये हे शहर वसविले. निजामशाहीला उद्यानांची मोठी हौस होती. 1583 मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महाल आणि सावेडीकडील हश्त बिहिश्त बाग ही तिची साक्ष. मात्र नगरचा परिसर पर्जन्यछायेचा. म्हणून कापूरवाडी, वडगाव अशा गावांच्या परिसरातून खापरी नळांनी, केवळ जमिनीच्या उताराच्या आधारे, पाणी शहरात आणले गेले. शहराला भाजी व फुले पुरविणाऱ्या माळी समाजाची वस्तीही या पाण्याशी बांधलेली होती. येथील एका भागाचे 'बारातोटी कारंजा' हे नाव आजही प्रचारात आहे. बाराही तोट्यांतून वाहणारे पाणी पाहिलेला माणूस आता भेटणार नाही, पण पत्ता सांगताना ते पाणी रोज उच्चारले जाते.

पंचपीर चावडी हे नावही असेच विचार करावयास लावणारे आहे. माळ्यांच्या वस्तीत, गणपतीच्या शेजारात, पाच पिरांच्या नावाची चावडी! नगरच्या मोहरममध्ये सर्व धर्मांचे लोक सहभागी होतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

विशाल गणपती

मंदिरातील मूर्ती पूर्वाभिमुख असून तिची उंची सुमारे साडेअकरा फूट आहे. पूजेची परंपरा नाथपंथीयांकडे आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी. गणेशमंदिर म्हटले की जी पौरोहित्याची कल्पना मनात येते, तीत हे बसत नाही. शहरात विशाल गणपती हा मानाचा पहिला गणपती होय. अनंत चतुर्दशीस विसर्जन मिरवणुकीच्या अग्रभागी त्याची उत्सवमूर्ती असते व इतर मंडळे तिच्यामागून निघतात. संकष्टी चतुर्थीस दर्शनासाठी रांगा लागतात. नवी गाडी घेतली, मुलगा परीक्षेस बसला, मुलीचे लग्न ठरले, तरी नगरकर आधी माळीवाड्यात येऊन जातो.

वेस

तटबंदी काळाच्या ओघात नाहीशी झाली. तिच्या वेशींपैकी दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस या दोन वास्तू आजही नजरेत भरतात. पूर्वी वेस रात्री बंद होई आणि तिच्या आत असणे म्हणजेच शहरात असणे असे. आज ती रहदारीच्या मधोमध उभी आहे. कमान बैलगाडी, घोडा व पायी माणूस यांच्या मापाची. ट्रक आणि बस यांच्या मापाची नव्हे. त्यामुळे वेस वाहतुकीस अडथळा ठरते, हा आक्षेप वारंवार निघतो. आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु रस्ता वळविता येतो, तशीच वेस पुन्हा बांधता येत नाही. ती गेल्यास 'वेशीच्या आत' या शब्दांना अर्थच उरणार नाही.

वेशीजवळ महात्मा जोतीराव फुले यांचे स्मारक आहे. त्याला स्थानिक संदर्भही आहे. मिस फॅरार यांची नगरमधील मुलींची शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचे फुले यांनी स्वतः नमूद केले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, तेही नगरमध्येच.

बदलते जीवन

राज्य परिवहनाची पहिली बस 1 जून 1948 रोजी नगरहून पुण्यास धावली. पुढे बसस्थानकाने माळीवाड्याचा चेहरामोहरा बदलला. खेड्यांतून उतरणारा माणूस प्रथम येथेच येऊ लागला. खानावळी, लॉज, पेढ्यांची व हार-फुलांची दुकाने वाढली. फुले विकणारे हात बहुधा तेच, मळे मात्र शहराबाहेर गेले.

दोन-तीन चौकांचे लाकडी वाडे वाटण्या होऊन पडले आणि त्यांच्या जागी गाळे व सदनिका आल्या. तरुण कुटुंबे सावेडी, केडगाव, बुरुडगाव रस्ता या भागांत राहावयास गेली. तरीही गणेशोत्सवाचे दहा दिवस ती परत येतात. वर्गणी जुन्याच मंडळाची फाडली जाते आणि मुलांना पडलेल्या वाड्याची जागा दाखविली जाते.