प्लंबिंगचा धंदा: पैसा कुठे येतो आणि कुठे गळतो?



"सर, भांडवल कमी आहे, कोणता धंदा करू?" आपल्या व्हिडिओखाली हा प्रश्न सारखा येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा चहाचा गाडा, मोबाईल रिपेअरिंग किंवा किराणा दुकान असतं. प्लंबिंगचं नाव क्वचितच कोणी घेतं. आणि त्याच वेळी तुमच्याच गल्लीत कोणीतरी प्लंबरची वाट बघत बसलेलं असतं. "येतो म्हणाला, आता फोनच उचलत नाही," हे वाक्य तुम्हीही घरात ऐकलं असेल.

मागणी तर आहे. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून खेड्यातही घरोघरी नळ पोचतायत, आणि नळ आला की त्याची दुरुस्तीही आलीच. मग हातात कला असलेले कितीतरी प्लंबर वर्षानुवर्षे रोजंदारीवरच का राहतात? कारण त्यांची कमाई परतच्या फेऱ्यांमध्ये जाते.

आधी हा हिशोब वहीत लिहा

समजा, नळ दुरुस्तीची मजुरी ३०० रुपये. एका फेरीचं पेट्रोल आणि तुमचा वेळ धरून खर्च १५० रुपये. पहिल्याच फेरीत काम झालं तर हातात १५० उरले. पार्ट आणायला बाजारात जाऊन परत आलात, दोन फेऱ्या झाल्या, उरलं शून्य. आठ दिवसांनी "परत गळतंय हो" असा फोन आला तर तिसरी फेरी तुमच्या खिशातून.

तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण गणित हेच राहतं. म्हणून या धंद्यात एकच गोष्ट पक्की धरा: काम पहिल्या फेरीत पूर्ण झालं पाहिजे आणि ते परत उघडावं लागता कामा नये. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

घरगुती दुरुस्ती: फोनवरच अर्धं काम करा

फोन आला की "येतो" म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा. नेमकं कुठून गळतंय? कधीपासून? फोटो पाठवता का? एवढ्यावरून पिशवीत काय टाकायचं ते बऱ्यापैकी कळतं. नेहमीची कामं अशी:

१. ठिबकणारा नळ. जुन्या, अनेक फेरे फिरणाऱ्या नळात आत रबरी वायसर असतो, तो झिजलेला असतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिक डिस्कचा स्पिंडल असतो, तो पूर्ण बदलावा लागतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसून तो खराब होतो. कस्टमर म्हणाला, "थेंब थेंब तर पडतंय, राहू द्या," तर खाली ग्लास ठेवा. २०० मिलीचा ग्लास १० मिनिटांत भरला तर दिवसाला जवळपास २९ लिटर आणि महिन्याला ८६० लिटरच्या वर पाणी वाया जातंय. हजार लिटरची टाकी डोळ्यासमोर आणून द्या, काम लगेच मिळतं.

२. फ्लशची टाकी. पाणी कमोडमध्ये सतत झिरपतं, पण दिसत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि फ्लश न करता १५-२० मिनिटं थांबा. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचं रबरी सील गेलंय. टाकी भरूनही ओव्हरफ्लोमधून पाणी जात असेल तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. पाच मिनिटांत कारण सापडलं की चुकीचा पार्ट घेतला जात नाही.

३. तुंबलेलं सिंक. आधी खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप उघडा. बहुतेक वेळा तेलाचा थर आणि खरकटं तिथेच अडकलेलं असतं. ॲसिड ओतून मोकळं व्हायची सवय लावू नका. त्याने फिटिंग खराब होतं आणि डोळ्याला, हाताला धोका असतो तो वेगळाच.

४. बाथरूमला वास. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि तेच गटाराचा वास व झुरळं अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही की ते पाणी सुकतं. अशा वेळी एक तांब्या पाणी ओतलं तरी वास जातो. हे कस्टमरला फोनवरच सांगा. एक फेरीची मजुरी गेली असं वाटेल, पण तो माणूस पुढची दहा वर्षं तुम्हालाच बोलावणार.

५. पाणी कमी येतं. एकाच नळाला कमी येत असेल तर तोंडाची जाळी काढून धुवा. टाकी रिकामी होऊन परत भरल्यावर पाणी बंद झालं असेल तर लाइनमध्ये हवा अडकलेली असू शकते. सगळ्याच नळांना कमी असेल तर टाकीजवळचा व्हॉल्व्ह बघा.

६. गीझर. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणं साहजिक आहे, कारण तापलेलं पाणी प्रसरण पावतं. कस्टमरने कितीही सांगितलं तरी तिथे बूच मारू नका. दाब अडून टाकी फुटली तर प्रकरण जिवावर बेततं. वायरिंग आणि अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचं काम सरळ नाकारा. त्यातून विषारी वायू साठून माणसं दगावतात.

नवीन बसवणं: टाइल लागण्याआधीच खरी परीक्षा

नवीन बाथरूमच्या कामात पैसे मोठे आणि धोकाही मोठा. भिंतीतला एक जॉइंट गळला की टाइल फोडा, गवंडी बोलवा, तीच डिझाइन शोधा. पूर्ण बाथरूमची मजुरी एका जॉइंटपायी जाते. म्हणून पाच सवयी लावून घ्या.

टेस्ट केल्याशिवाय प्लास्टर नाही. सोल्युशन लावलेले जॉइंट डब्यावर लिहिलेल्या वेळेप्रमाणे सुकू द्या. मग हाताच्या टेस्ट पंपाने लाइनमध्ये पाण्याचा दाब द्या. चालू वापरात जेवढा दाब येणार, त्याच्या दीडपट धरतात. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय. हे मालकाच्या समोर करा आणि काट्याचा फोटो काढून ठेवा.

दाबाचं गणित आधी सांगा. टाकीतलं पाणी नळाच्या १० मीटर वर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर पाणी जेमतेम ३ मीटर उंच असतं, म्हणजे ०.३ बार. तिथे मालकाने हौसेने महागडा मोठा शॉवर आणला तर पाणी नुसतं ओघळणार आणि दोष तुमच्यावर येणार. खरेदीच्या आधीच सांगा: एकतर साधा शॉवर घ्या, नाहीतर प्रेशर पंप लावू.

थ्रेडला पितळ वापरा. नळ जिथे बसणार तिथे प्लास्टिकच्या आट्यांचं फिटिंग नको, आत पितळी आटे असलेलं घ्या. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा. आणि पाना ताकद दाखवायला नसतो, जास्त आवळलं की फिटिंग तडकतं.

उतार मोजा. सांडपाण्याच्या आडव्या पाइपला मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर उतार ठेवा. तो अंदाजाने धरायचा नसतो, लेव्हल पट्टी लावून बघायचा असतो.

पाइपचे फोटो द्या. भिंत बंद करण्याआधी टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा आणि मालकाला पाठवा. उद्या आरसा लावणाऱ्याचं ड्रिल तुमच्या पाइपमध्ये घुसणार नाही.

माल घेताना पाइपवरचा आयएस नंबर वाचायला शिका. गरम-थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपला आयएस १५७७८, थंड पाण्याच्या यूपीव्हीसीला आयएस ४९८५, सांडपाण्याच्या पाइपला आयएस १३५९२. कस्टमरला दाखवून सांगितलं की स्वस्त पाइपशी तुमची तुलना थांबते.

कमर्शियल काम: बिघडायच्या आधी जा

घराचा नळ बिघडला तर गैरसोय होते. हॉटेलचं सिंक तुंबलं तर गल्ला थांबतो. त्यामुळे व्यावसायिक कस्टमर दरापेक्षा वेळ बघतो. त्याला दर महिन्याच्या देखभालीचं काम सुचवा. हॉटेलमध्ये ग्रीस ट्रॅपची सफाई असते: पाणी थोडं थांबलं की तेल वर तरंगतं आणि पाणी खालून पुढे जातं, पण तेल वेळेवर काढलं नाही तर तेच पुढे पाइपमध्ये थिजतं. सलूनमध्ये केसांची जाळी बघायची. हॉस्टेलमध्ये फ्लश आणि पंप.

हंगामही ओळखा. शाळेकडे मे महिन्यात जा, मंगल कार्यालयाकडे तुळशीच्या लग्नाआधी. "सीझन सुरू व्हायच्या आधी सगळे नळ, फ्लश, टाक्या तपासून देतो" असं म्हणणारा प्लंबर त्यांना सहसा भेटत नाही. हॉटेल बंद झाल्यावर रात्री काम करावं लागलं तर त्याचा दर वेगळा आणि आधी ठरलेला हवा.

मराठवाड्यातल्या कितीतरी शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. तिथे खाली एक टाकी, वर एक टाकी, मध्ये पंप, बॉल कॉक आणि पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह हे सगळं प्रत्येक इमारतीत असतंच. सोसायट्यांना त्याची नियमित तपासणी द्या.

एक काम कधीच घेऊ नका

सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये उतरायचं नाही, माणूस उतरवायचा नाही. आतल्या वायूने क्षणात शुद्ध जाते आणि वाचवायला गेलेलाही परत येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून ही सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राच्या गाडीचा नंबर जवळ ठेवा आणि तो द्या.

सुरुवात कशी करायची?

शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. नाहीतर चांगल्या कारागिराच्या हाताखाली वर्षभर काढा. हत्यारं घ्यायला पैसे लागले तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. नुसत्या सेवेच्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. महापालिकेच्या लाइनवरून नवं कनेक्शन घ्यायचं असेल तर परवानाधारक प्लंबरला सोबत घ्या.

कोटेशनमध्ये मजुरी आणि माल वेगळे लिहा. मोठ्या कामाला मालाचे पैसे आधी घ्या, स्वतःच्या खिशातून माल भरू नका. आणि स्वतःच्या कामाची सहा महिन्यांची हमी लेखी द्या. टेस्ट करून दिलेल्या कामाची हमी द्यायला भीती वाटत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आधीपासून हे काम करत असाल तर मागच्या ३० कामांची यादी काढा. प्रत्येकापुढे किती फेऱ्या झाल्या ते लिहा. जिथे एकापेक्षा जास्त झाल्या तिथे कारण लिहा: पार्ट नव्हता, कारण चुकीचं ओळखलं, की टेस्ट केली नाही? नव्याने उतरणार असाल तर शेजारच्या दहा घरांत विचारा, "प्लंबरबद्दल तुमची तक्रार काय?" उत्तरं कमेंटमध्ये टाका. ती वाचून पुढच्या व्हिडिओत आपण पिशवीत कोणते पार्ट कायम ठेवायचे याची यादी करू.