गोठवली म्हणजे जप्त झाली का?

'अमेरिकेने अमक्याची मालमत्ता गोठवली' अशी बातमी आली, की सरकारने पैसा उचलून तिजोरीत टाकला, असेच बहुतेकांना वाटते. तसे नसते. मिलोराद दोदिक या बोस्नियातील सर्ब नेत्याचे नाव अमेरिकेच्या अर्थखात्याने जानेवारी २०१७ मध्ये निर्बंधांच्या यादीत घातले. बोस्नियाचे युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराला ते आडकाठी करतात, हा ठपका. यादीत आलेल्याच्या पैशाची मालकी त्याचीच राहते. बँक तो व्याज देणाऱ्या खात्यात अडकवून ठेवते आणि दहा कामकाजाच्या दिवसांत अर्थखात्याला कळवते. परवान्याशिवाय त्यातला डॉलरही हलत नाही.

मग अमेरिकेत ज्याची फुटकी कवडीही नाही, त्याला काय फरक पडतो? खरी मेख इथेच आहे. यादीतल्या माणसाशी व्यवहार करायला अमेरिकी नागरिक आणि कंपन्यांना बंदी असते. डॉलरमधले बहुतेक व्यवहार कुठे ना कुठे अमेरिकी बँकेतून जातात, त्यामुळे परदेशी बँकाही बिचकतात. बोस्नियातल्या बँकांनी यादीतल्या पुढाऱ्यांची खाती बंद केली ती याच धास्तीने. अमेरिकी पोलीस तिथे गेले नव्हते. शिवाय एखाद्या कंपनीत यादीतल्यांचा मिळून निम्मा किंवा जास्त वाटा असेल, तर कंपनीचे नाव कुठे छापलेले नसले तरी तीही गोठते.

गुन्हा शाबीत व्हावा लागतो, हाही गैरसमजच. १९७७ च्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करतात आणि पुढचे काम अर्थखाते करते. कोर्टात दाद मागता येते, पण नंतर. पश्चिम बाल्कनसाठीची आणीबाणी जून २००१ मध्ये, मॅसेडोनियात अल्बेनियन बंडखोरांनी शस्त्रे उचलली तेव्हा जाहीर झाली. तिची मुदत दरवर्षी वाढवली जाते. २०२१ मध्ये तिच्यात भ्रष्टाचाराचाही समावेश झाला आणि त्याच आधारावर जानेवारी २०२२ मध्ये दोदिक पुन्हा यादीत आले. एवढी लांबलेली आणीबाणी मला तरी खटकते.

आणि यादीतून सुटका नाही, असेही नाही. डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीचे निर्णय धुडकावल्याबद्दल बोस्नियाच्या न्यायालयाने २०२५ मध्ये दोदिक यांना दोषी ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्यांचे नाव यादीतून काढून टाकले.