जुन्या 'एमजीबी'वर टप चढवताना

भारतीय रस्त्यांवर 'एमजी' ही दोन अक्षरे २०१९ मध्ये 'हेक्टर' या गाडीबरोबर अनेकांच्या परिचयाची झाली. ब्रिटनमध्ये मात्र या अक्षरांचा उच्चार होताच जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती दोन आसनांची, बुटकी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस' या व्यवसायातून १९२०च्या दशकात जन्मलेल्या या नाममुद्रेची सर्वाधिक गाजलेली गाडी म्हणजे 'एमजीबी'. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथील कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत होती. बंद टपाची 'जीटी' आवृत्ती धरून तिची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. त्यातील हजारो गाड्या त्यांच्या मालकांनी आजही जिवापाड जपल्या आहेत. हिवाळा जवळ आला, की या मालकांपुढे दरवर्षी एकच काम उभे राहते. ते म्हणजे गाडीवर काढता-घालता येणारा कडक टप, अर्थात 'हार्डटॉप' चढवण्याचे.

वरकरणी हे काम डब्याला झाकण लावण्याइतके सोपे वाटते. दोघांनी टप उचलायचा, गाडीवर ठेवायचा आणि बोल्ट आवळायचे. प्रत्यक्षात अनेकांचा टप बसत नाही. मग दोष टपाला दिला जातो, कानशीने त्याच्या कडा घासल्या जातात किंवा जोर लावून तो बसवला जातो. खरा दोष मात्र बहुतेक वेळा वर नसतो. तो खाली, दारांच्या तळाशी दडलेला असतो.

कापडी हूड असताना टप कशासाठी?

'एमजीबी'ला कापडी हूड असतेच. पण ब्रिटनच्या पावसाळी, बोचऱ्या हवेत त्याच्या मर्यादा लवकर उघड होतात. वेग वाढला की ते फडफडते, शिवणीतून पाणी झिरपते, मागची प्लास्टिकची खिडकी काही वर्षांत पिवळी आणि धूसर होते. कडक टपाखाली आत ऊब टिकते आणि आवाजही कमी होतो. कारखान्याच्या स्पर्धा विभागालाही त्याचा लाभ ठाऊक होता. १९६३ च्या 'ल मां' येथील २४ तासांच्या शर्यतीत बारावी आलेली आणि १९६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत 'जीटी' गटात अव्वल ठरलेली 'एमजीबी' टप चढवूनच धावली होती. १९६५ मध्ये कायमच्या टपाची 'एमजीबी जीटी' आली; तिच्या आखणीत इटलीच्या 'पिनिनफरिना'चा हात होता. तरीही उन्हाळ्यात उघडी आणि हिवाळ्यात बंद अशी दुहेरी सोय हवी असणाऱ्यांसाठी काढता येणारा टपच उपयोगाचा राहिला.

हे टप प्रामुख्याने फायबरचे असतात. कारखान्याच्या टपाखेरीज 'ॲशली', 'लेनहॅम' आदी कंपन्यांनीही त्या काळी टप बनवले. त्यामुळे जुन्या बाजारातून टप घेताना तो कोणाचा आहे आणि त्याचे कंस, क्लॅम्प, रबरी पट्ट्या सोबत आहेत का, हे आधी पाहावे लागते. एका बनावटीचे सुटे भाग दुसरीला लागतीलच असे नाही.

झाकण नसलेले खोके

टप का बसत नाही, हे समजण्यासाठी बुटांचे पुठ्ठ्याचे खोके डोळ्यांसमोर आणावे. झाकण चिकटवलेले खोके पिळू पाहिले तर दाद देत नाही. झाकण काढले की तेच खोके सहज वाकते. आधीच्या 'एमजीए'ला स्वतंत्र चॅसी होती. 'एमजीबी'त ती नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. त्यातच वरचे छत नसल्याने गाडीची ताकद मुख्यतः दोन ठिकाणी एकवटते : मधला गिअरबॉक्सवरचा बोगदा आणि दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या तुळया. या तुळयांना 'सिल' म्हणतात.

रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ नेमके या पोकळीत साचते. बाहेरून रंग चकाकत असतो, आतून गंज पत्रा खात असतो. सिल कमकुवत झाली की गाडी मधोमध खचते. ती खचताच समोरच्या काचेची चौकट आणि दारामागचा भाग वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. दार आणि मागचा पत्रा यांच्यातील फट वरती अरुंद होते. सरळ गाडीच्या मापाने बनवलेला टप मग 'लांब' वाटू लागतो. वास्तविक टप लांब झालेला नसतो, गाडी आखूड झालेली असते.

दुरुस्ती चुकीची झाली तरी हाच परिणाम होतो. दारांच्या चौकटीत आधाराच्या दांड्या न लावता जुनी सिल कापली, तर गाडी त्याच क्षणी खचते आणि नवी सिल त्या वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड होते. गंजाचा हा प्रश्न इतका व्यापक होता, की 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने १९८८ पासून 'एमजीबी'चे संपूर्ण नवे सांगाडे बनवण्यास सुरुवात केली.

बसवण्याची रीत

म्हणूनच टप चढवण्यापूर्वी पाना नव्हे, नजर वापरावी. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर उचललेली उघडी गाडी किंचित वाकते आणि मापे फसवतात. दारे सहज उघडतात-मिटतात का, दोन्ही बाजूंच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, हे पाहावे. कापडी हूड पूर्ण सुकवूनच आवरावे.

रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून डिकीवर व दारामागच्या पत्र्यावर जुनी चादर अंथरावी. खिडक्या खाली असाव्यात. दोन्ही बाजूंना एकेक जण उभा राहून टप अलगद टेकवावा. सर्वसाधारणपणे तो तीन ठिकाणी धरला जातो : समोरच्या काचेच्या चौकटीवर दोन क्लॅम्प, दारांमागे दोन्ही बाजूंना बोल्टचे कंस आणि डिकीच्या पुढील बाजूस मागची पकड. यापैकी कोणताही सांधा प्रथमच पूर्ण आवळू नये. सारे हातानेच सैल लावावेत, टप मध्यावर आणावा आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळत जावे.

नंतर खिडक्या वर घेऊन काच रबरी पट्टीला सर्वत्र टेकते का, ते बघावे. त्यासाठी कागदाच्या कपट्याची युक्ती पुरते. कपटा पट्टीत धरून काच मिटावी. तो सहज सरकून आला, तर तेथून पाणी येणार हे निश्चित. अखेरीस पाइपने हलके पाणी खालून वर सोडावे, म्हणजे गळती नेमकी कोठून होते ते कळते. नवे रबर काही दिवसांत दबते, तेव्हा सांधे पुन्हा एकदा तपासणे आवश्यक असते.

जोर आणि गैरसमज

टप बसत नसताना क्लॅम्पच्या जोरावर ओढून आणला, तर तो ताण ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आणि तिच्यातील काचेवर येतो. मग एखाद्या खड्ड्यात काच तडकते किंवा टपाच्या कंसाजवळ फायबरला भेगा पडतात. टपाच्या कडा घासणे तर त्याहून घातक. कारण पुढे सांगाडा दुरुस्त झाल्यावर तोच टप आखूड पडतो.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. डोक्यावर कडक छत आले म्हणजे गाडी उलटल्यास जीव वाचेल, असे अनेकांना वाटते. काही बोल्टवर धरलेला फायबरचा टप हा संरक्षक पिंजरा नव्हे. तो पाऊस आणि वारा अडवतो. गाडीचे वजन पेलण्यासाठी तो घडवलेला नाही. खचलेल्या गाडीला ताठ करण्याचे कामही त्याच्याकडून होत नाही.

वसंत ऋतूत टप उतरला की तो कोरडा करून, मऊ आधारावर, उन्हापासून दूर ठेवावा. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा चढेल तेव्हा गेल्या वर्षीइतक्याच सहजतेने बसतो का, याकडे मालकाने लक्ष द्यावे. गेल्या वर्षी नीट बसलेला टप यंदा अडू लागला, तर पाना खाली ठेवून आधी गाडीखाली वाकून सिल तपासणे शहाणपणाचे ठरते.