एल आग्वा : पाणी 'तो' की 'ती'?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे फर्स्ट इयरला एका सकाळी बाथरूमसमोर बादली घेऊन मी ओरडले, "पाणी गेली!" अख्खा मजला हसला. 'पाणी गेली' हेच माझं नाव पडलं. नंतर दोन महिने मी पाण्याला 'वॉटर'च म्हणत होते, उगाच रिस्क नको!

यंदा संध्याकाळचा स्पॅनिशचा क्लास लावला. वाटलं, इथे तरी सगळे माझ्यासारखेच शून्यापासून सुरुवात करणार. पण तिथेही पाण्यानेच घात केला.

स्पॅनिशमध्ये नामाला दोनच लिंगं. आपल्यासारखं 'ते' नाही. पुल्लिंगी नामाआधी 'एल' लागतं, स्त्रीलिंगीआधी 'ला'. शेवटी 'ओ' असेल तर बहुधा पुल्लिंगी, 'आ' असेल तर बहुधा स्त्रीलिंगी. 'बहुधा' म्हणायचं कारण, हात म्हणजे 'ला मानो' आणि दिवस म्हणजे 'एल दिआ'. पाण्याला म्हणतात 'आग्वा', आणि पुस्तकात छापलं होतं 'एल आग्वा'. मी इंजिनीअरिंगचं डोकं लावलं : 'एल' आहे, म्हणजे पुल्लिंगी, 'दिआ'सारखाच अपवाद. टेस्टमध्ये थंड पाणी लिहिलं 'एल आग्वा फ्रिओ'. मॅडमनी 'फ्रिओ'भोवती लाल गोल काढला. बरोबर उत्तर होतं 'एल आग्वा फ्रिआ'. म्हणजे आधी 'एल' आणि मागे स्त्रीलिंगी विशेषण! हा काय प्रकार?

गंमत अशी की आग्वा पहिल्यापासून स्त्रीलिंगीच आहे. लॅटिनमधल्या 'इल्ला'पासून जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' हे स्त्रीलिंगी रूप आलं. बहुतेक ठिकाणी त्यातला 'ए' गळला आणि 'ला' उरलं. पण पुढे स्वर आला की शेवटचा 'आ' पुढच्या शब्दात मिसळायचा आणि 'एल' उरायचं. म्हणजे आग्वापुढचं 'एल' मुळात 'ला'चीच सख्खी बहीण. दिसायला मात्र हुबेहूब पुल्लिंगी 'एल'सारखी. आता ही पद्धत फक्त ज्या स्त्रीलिंगी नामांच्या पहिल्याच 'आ'वर जोर येतो त्यांच्यापुरती उरली आहे : एल आगिला (गरुड), एल आल्मा (आत्मा). 'आमिगा'मध्ये जोर 'मि'वर येतो, म्हणून मैत्रीण 'ला आमिगा'च. इंग्रजीत 'अ'चं 'अ‍ॅन' होतं ना, तसंच. उच्चाराची सोय, लिंगाशी संबंध नाही.

म्हणून 'एल' आणि 'आग्वा' यांच्यामध्ये दुसरा शब्द शिरला की 'ला' परत येतं : ला मिस्मा आग्वा, म्हणजे तेच पाणी. अनेकवचनात लास आग्वास. खूप पाणी म्हणजे मूचा आग्वा, मूचो नाही. 'हे पाणी'सुद्धा एस्ता आग्वा. इथे स्पॅनिश मातृभाषा असलेले लोकही चुकून 'एस्ते आग्वा' म्हणून जातात. हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मेसच्या रांगेत उपयोगी पडणारं वाक्यही याच नियमातलं : 'तेंगो मूचा आम्ब्रे', मला खूप भूक लागली आहे. भूकही स्त्रीलिंगी, आणि तीही 'एल आम्ब्रे'.

पोर्तुगीजांनी ही भानगडच ठेवली नाही. तिथे पाण्याआधी सरळ स्त्रीलिंगी 'आ' लागतं. गोव्याच्या आग्वाद किल्ल्याचं नाव पोर्तुगीजच. आग्वादा म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा. ट्रिपला तिथे ढिगाने फोटो काढले, हे कुठे माहीत होतं! आणि स्पॅनिशमध्ये छत्री म्हणजे 'पाराग्वास', शब्दशः 'पाणी थांबवणारी'. पण तिला एल पाराग्वास म्हणायचं, आणि हे 'एल' मात्र खरोखरचं पुल्लिंगी. असो, पुन्हा डोकं नको फिरवायला.

परवा टाकी परत रिकामी झाली. तोंडावर साबण असतानाच मी ओरडले, "पाणी गेलं!" या वेळी कोणीच हसलं नाही. सगळ्या बादल्या घेऊन खालच्या नळाकडे पळाल्या.