ठोकळ्याचा आकडा, हाताचा डोस

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तो मेंदूचा. हाताच्या रक्तवाहिन्यांची पाळी बरीच उशिरा आली. तोवर किरणांचा डोस मोजण्याची रीत बसून गेली होती आणि तिच्यात हाताचा विचारच नव्हता.

ती रीत १९८१ची. अमेरिकेत शोप, गॅग्ने आणि जॉन्सन यांनी ‘सीटीडीआय’ हा निर्देशांक मांडला. ॲक्रिलिकचा भरीव गोल ठोकळा, डोक्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचा आणि धडासाठी ३२. त्याच्या भोकांत पेन्सिलीसारखा मापक सरकवायचा आणि डोस मिलिग्रेमध्ये नोंदवायचा. आज यंत्राच्या पडद्यावर दिसतो तो याच ठोकळ्याचा डोस. रुग्ण आत आहे की नाही, याच्याशी त्या मापाला देणंघेणं नाही. दोन यंत्रांची तुलना करायला मात्र ते उत्तम.

१९८९मध्ये सर्पिल स्कॅन आला, १९९८मध्ये एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं आली. आता महाधमनीच्या कमानीपासून बोटांपर्यंतच्या धमन्या एका दमात दिसू लागल्या. डायलिसिससाठी केलेला धमनी-शिरेचा जोड (फिस्टुला) अरुंद झालाय का, अपघातात धमनी तुटलीय का, धमन्यांना सूज आणणाऱ्या टाकायासूच्या आजारात नाडी का लागत नाही, हे सारं कळू लागलं. पण दहा सेंटिमीटरच्या हाताला ३२ सेंटिमीटरच्या ठोकळ्याचं माप लागत राहिलं, म्हणजे डोस कमीच दिसणार. अमेरिकी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०११मध्ये आकारानुसार दुरुस्तीचा तक्ता काढला. त्यात एवढ्या व्यासाला गुणक अडीचच्या आसपास येतो. तो तक्ताही धडासाठीच, त्यामुळे हाताला लावताना जपूनच.

तरीही खरी मेख या गुणकात नाही, असं मला वाटतं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या २००७च्या शिफारशींत जोखमीच्या हिशेबात त्वचा आणि हाडांचा पृष्ठभाग यांचं वजन प्रत्येकी ०.०१ आहे, फुप्फुस आणि स्तनाचं प्रत्येकी ०.१२. म्हणजे एकट्या हाताला मिळालेल्या डोसाने कर्करोगाची जोखीम फारशी हलत नाही. हात कुठे ठेवलाय, याने हलते. डोक्यावर घेतला तर धडाचा बराच भाग किरणांबाहेर राहतो. अंगालगत ठेवला तर छाती-पोट सगळंच आत. खांदा मोडलेल्याला हात वर घे म्हणता येत नाही, ते वेगळं. एरवी टेक्निशियनने हात नीट बसवण्यात घालवलेला वेळ दशांशाच्या काथ्याकुटापेक्षा मोलाचा.

म्हणून आकड्याकडे दुर्लक्षही चालत नाही. २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात मेंदूच्या स्कॅनमध्ये दोनशेहून जास्त रुग्णांना नेहमीच्या सुमारे आठपट डोस गेला. केस गळाल्याची तक्रार आली, तेव्हा ते उघडकीला आलं. पुढे कॅलिफोर्नियाने अहवालात डोस नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक केलं. आपल्याकडे यंत्रांना परवाना अणुशक्तीनगरचं अणुऊर्जा नियामक मंडळ देतं. टेक्निशियनच्या छातीवर डोस मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि त्याच्या डोसाला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा. रुग्णाला ना बॅज, ना मर्यादा. तिथे गरज आणि डॉक्टरांचा विवेक.

हाच विवेक वापरला तर सडपातळ हाताला किरणनळीचे १२० ऐवजी ८० किलोव्होल्ट पुरतात. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचलेलं आयोडीन उलट जास्त उठून दिसतं आणि डोसही उतरतो. अहवालात नुसता डीएलपी (डोस गुणिले स्कॅनची लांबी) लिहून भागत नाही. ठोकळा कोणता, किलोव्होल्ट किती आणि हात वर होता की खाली, हेही लिहावं.